मागावरची पेटी

"माळा काढायचा नाय म्हणजे नाय," जयवंती म्हणाली. "वर माझी पावसाळ्याची लाकडं हायत, पापडाचा डबा हाय, सुकटीची बरणी हाय. ते सगळं काय तुमच्या डोक्यावर ठेवू?"

"ठेव," विश्राम म्हणाला. "डोक्यावर तू बसलीच हायस, त्यात आणखी एक बरणी."

"मी नाय बसले. बसवायला ती आणलीत तुमी."

ती म्हणजे पेटी. घराच्या मधोमध गोणपाटावर पडली होती आणि ती आल्यापासून चुलीकडे सरळ चालत जाणं कुणाला जमलं नव्हतं. भिवंडीहून ट्रकातून पालघर स्टेशनापर्यंत आणि तिथून बैलगाडीतून घरापर्यंत आलेला लोखंड-लाकडाचा तो ठोकळा. पोटात सुयांची गर्दी, कुशीला लाट, म्हणजे एक चौकोनी फिरता दांडा, खाली लोंबणाऱ्या दोऱ्या. भिवंडीच्या कारखान्यातून कुणीतरी मोडीत काढलेली. तिचं खरं नाव जेकार्ड, पण ते घरात कुणाच्या तोंडी बसलं नाही.

"अगं, ती मागाच्या वर चढवायची असते," विश्राम आवाज खाली आणून म्हणाला. त्याचा आवाज खाली आला की जयवंतीला अधिक राग यायचा. "माळा हाय तोवर ती बसणारच नाय. माळा काढायचा, वरची दोन रांगा कौलं उचलायची, पत्रा टाकायचा. रामकिसन मिस्त्री येतोय उद्या. तुझ्याच सुटकेसाठी चाललंय हे."

"सुटका कुणी मागितली होती?"

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली येसूबाई, विश्रामची आई, इतका वेळ ऐकत होती. ती तिथूनच म्हणाली, "मी मागितली होती. तीस वर्षं मागत होते. मला नाय दिली कुणी." तिने उजवा हात वर केला. त्याची दोन बोटं मधल्या पेरातून अशी वाकली होती, की ती मूठ उघडायची तेव्हाही ती मिटलेलीच राहायची. "माझ्या वक्ताला कुणी असा डबा आणला असता, तर रोज फूल वाहिलं असतं मी त्याला. आणि ही बघा."

जयवंतीने आत जाऊन घासलेला तांब्या पुन्हा घासायला घेतला.

घर साळ्यांचं. विश्रामचे आजोबा येवल्याहून या बाजूला आले ते एका व्यापाऱ्याच्या शब्दावर. किनाऱ्यावरच्या बायकांना जाड सुताची, मजबूत काठाची लुगडी लागतात, म्हणाला, तिथे माग टाक. व्यापारी पुढे गुजरातेत निघून गेला, माग राहिला. पालघरच्या बाजाराच्या मागच्या अंगाला, खाली खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायची फळी, आणि वर माळ्याच्या तुळईला बांधलेलं जाळं. जाळं म्हणजे दोऱ्यांचं छप्परच. काठावर जे चित्र उठवायचं त्याच्या एकेका ओळीसाठी एकेक जाड दोरी. ती दोरी ओढली की उभ्या ताण्यातले नेमके तेवढेच धागे वर उठायचे, विणणारा त्या फटीतून आडव्या रंगीत बाण्याचा धोटा फेकायचा, मग दोरी सोडायची, पुढची ओढायची. विणायला पुरुष, दोरी ओढायला बाई. पुरुष खड्ड्यात, बाई बाजूच्या पाटावर. येवल्यापासून हेच चाललं होतं.

जयवंती सफाळ्याची. तिचा बाप जातीने साळी, पण माग विकून किराण्याचं दुकान टाकलेला. त्यामुळे ती लग्न होऊन आली तेव्हा तिला गूळ तोलता येत होता, धागा ओळखता येत नव्हता. हळद उतरायच्या आत येसूबाईने तिला पाटावर बसवलं. पहिल्या वर्षात तिच्या बोटांची सालं इतकी निघाली की भाकरी थापताना पिठाला रक्त लागायचं. ती रडायची. येसूबाई म्हणायची, "रड, पण ओढ." कुठली दोरी कुठल्या चित्राची हे ओळखायला येसूबाईने दोऱ्यांना चिंध्या बांधल्या होत्या: लाल चिंधीपासून कोयरी, निळीपासून पोपट. पुढे चिंध्या कुजून गळून पडल्या तरी काही अडलं नाही. जयवंतीचे हात आपोआप नेमक्या दोरीवर जाऊ लागले. ती ओढताना आमटीच्या उकळीकडे कान द्यायची, पाळण्यातल्या लेकीला, विजयाला, झोका द्यायला पायाचा अंगठा वापरायची, आणि हात आपले वरती चालत असायचे.

सासऱ्याने मधे एकदा डॉबी आणली होती. लाकडी पट्ट्या, पट्ट्यांत खुंट्या. जशा खुंट्या बसवाल तसा काठ. तिच्यावर रुईफुलं निघायची, रेघा निघायच्या, चौकटी निघायच्या. पण पोपट काढायला गेलं की तो दगडासारखा दिसायचा. सासरा गेला, खुंट्या पोरांनी खेळायला नेल्या, आणि चित्राचा काठ म्हटला की पुन्हा जयवंती आणि तिचा पाट.

आणि त्या पाटावर बसली की विश्राम तिच्याशी बोलायचा. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. जेवताना तो बोलत नसे, निजताना बोलत नसे, पण मागावर "ओढ" आणि "सोड" यांच्या मधल्या जागेत तो बाजारातलं, भावकीतलं, स्वतःच्या मनातलं सगळं बोलायचा. ती "हं" म्हणायची, आणि कधीकधी ओढायची थांबायची. ती थांबली की माग थांबायचा. मग तिचं काय म्हणणं आहे ते त्याला ऐकावंच लागायचं. विजयाला सातवीनंतर शाळेतून काढायचं नाही हे असंच ठरलं होतं, वर उचललेल्या धाग्यांखाली.

विश्रामलाही चैन नव्हतं हे खरं. तारापूरला अणुभट्टीचं काम निघालं तसे गावातले हातपाय धड असलेले लोक तिकडे खडी वाहायला जाऊ लागले. बोईसरला स्टेशनाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग धडधडायला लागले होते. बाजारात नायलॉनच्या साड्या लटकत होत्या. पाण्यात बुडवली की झटकून नेसता येते म्हणून कोळ्यांच्या लेकीसुद्धा त्यांना हात लावून बघत. विश्राम बोईसरच्या शेडसमोर जाऊन उभा राहायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही. शेवटी तिथल्या रामकिसन मिस्त्रीने त्याला सांगितलं, की तू यंत्राशी लढू नको, अर्धं यंत्र घरी ने.

दुसऱ्या दिवशी रामकिसन आला. माळा निघाला. पापडाचा डबा येसूबाईच्या उशाशी गेला, लाकडं पडवीत, आणि सुकटीची बरणी ठेवायला जागाच उरली नाही म्हणून जयवंतीने ती शेजारणीकडे नेऊन आदळली. जाळं उतरवताना विश्रामने ते कापलं नाही, नीट सोडवून गुंडाळलं. पण गुंडाळल्यावर ते एवढंसं झालं. वर कौलं उचललेल्या जागेतून उन्हाचा चौकोन तिच्या रिकाम्या पाटावर पडला. तिने पाट उचलून न्हाणीत नेला, विजयाला न्हायला बरा म्हणून.

पेटीचं काम असं होतं: जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्यांना भोकं. एकेक पट्टी चौकोनी लाटेवर येऊन सुयांना भिडायची. जिथं भोक, तिथला धागा वर. जिथं पुठ्ठा, तिथला खाली. पायाने खालची फळी दाबली की पट्टी पुढे सरकायची. बायकोच्या हाताचं काम पुठ्ठ्याच्या भोकांनी करायचं, एवढीच त्यातली गोम.

पहिलं काम होडीकाठाचं होतं. एडवणच्या कोळीवाड्यातल्या शकूबायच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि शकूबायच्या घरात नवरीला होडीकाठाचंच लुगडं लागे. रामकिसन जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन चौकटीच्या कागदावर होडी उतरवत ओट्यावर बसला. त्याने मान वर करून जयवंतीला विचारलं, "भाभी, ये नाव किधर को जाती है?"

"पाण्यात," जयवंती म्हणाली आणि आत गेली.

रामकिसन हसला. विश्रामही हसला. पट्ट्यांना बोईसरला भोकं पाडून झाली, त्यांच्यावर रामकिसनने आकडे घातले आणि गठ्ठा विजयाच्या हाती दिला. त्या एकापुढे एक दोऱ्याने ओवून त्यांची माळ करायची होती. जयवंतीने हात लावला नाही. "माझी सुटका झालीय," म्हणाली. बापलेकी दोघं ओवायला बसली. आणि आता या घरात पिढ्यान्‌पिढ्या जाळंच चाललेलं. जाळ्यात सगळ्यात मागची दोरी आधी ओढायची, मग तिच्या पुढची, मग तिच्या पुढची. हे त्या घरात इतकं अंगात मुरलं होतं की कुणी बोलतही नसे. दोघांनी शेवटच्या पट्टीपासून सुरुवात केली आणि पहिलीशी आणून गाठ मारली.

माग सुरू झाला. पूर्वी मागाचा आवाज म्हणजे धोट्याची सळसळ आणि मधेमधे विश्रामचं बोलणं. आता खट, खट, खट. विश्राम बोलत नव्हता. बोलायला कुणी नव्हतं. त्याचे डोळे वर पेटीकडे, पाय फळीवर, चेहऱ्यावर नवीन सायकल मिळालेल्या पोराचा आनंद.

जयवंतीला काम राहिलं नाही असं नाही. साळ्याच्या घरात बायकांचं धोट्यासाठी कांड्यांवर सूत भरायचं काम कधी संपत नाही. पण कांड्या ती माहेराहून आली तेव्हापासून भरत होती. ते हातांना कळतही नसे. ती विहिरीवर जाऊन यायची आणि घागर भरलेली बघून अर्धी तुळशीत ओतून पुन्हा जायची. बाजारात जाऊन वांगी उलटीसुलटी करून न घेता परत यायची. शेजारणीशी बरणीवरून भांडली. जेवायला बसली की तिचा हात लुगड्याचा पदर धरून ओढायचा, सोडायचा, ओढायचा, सोडायचा.

"अगं फाटंल ते," येसूबाई म्हणायची. "जरा बस ना निवांत. मला बसायला मिळालं असतं तर..."

"तुमी बसा ना मग. माझ्या वाटचंबी बसा."

एका दुपारी ती कांड्या द्यायला मागाजवळ गेली आणि विणून गुंडाळत आलेल्या काठाकडे तिची नजर गेली. होड्या छान उठल्या होत्या. शीड टोकदार, वल्हं बारीक, तिच्या ओढण्यात कधी एखादा धागा निसटायचा तसा एकही निसटलेला नव्हता. तिला आधी ते आवडलं, आणि आवडलं म्हणून छातीत कळ आली. मग तिने होडीचं नाक कुठे आहे ते पाहिलं.

होड्या पदराकडे पाठ करून चालल्या होत्या.

एडवणच्या त्या बायकांचा एक दंडक होता. होडीचं तोंड पदराकडे हवं. पदर अंगावर येतो, घरात वावरतो. पदराकडे येणारी होडी ही समुद्रावरून घरी येणारी होडी. नवरीच्या अंगावरून होडी बाहेर जाताना दिसली तर तिचा घरधनी गेलेला परत यायचा नाही. हे विश्रामला कधी कळायचं कारणच पडलं नव्हतं. तो धोटा फेकायचा. होडीने कुठे जायचं ते तिच्या हातात होतं.

"काय बघतेस?" विश्रामने न थांबता विचारलं. "बघ कसा आलाय काठ. हाताने आला असता असा?"

तिच्या तोंडाशी आलं होतं. लुगडं अजून फार पुढे गेलं नव्हतं. माळ सोडून उलटी ओवली असती तर दोन घटकांचं काम होतं. ती उभी राहिली. त्याने तिच्याकडे बघितलं असतं तरी तिने सांगितलं असतं. पण त्याचे डोळे वर पेटीला लागले होते.

"नाय आला असता," ती म्हणाली, आणि कांड्या टोपलीत ठेवून निघून आली.

त्या दिवसापासून तिचा जीव जास्तच टांगणीला लागला. रोज ठरवायची, आज सांगू. रोज खट-खट ऐकत लुगडं पुढे गेलेलं बघायची, आणि सांगायला उशीर झाला असं वाटायचं, आणि उशीर झाला म्हणून आणखी उशीर करायची. लुगडं उतरलं, घडी झाली. विश्रामने त्याला हळदकुंकू लावलं.

शकूबाय आली ती माशाची पाटी दाराबाहेर ठेवूनच. मोठी, उंच, आवाजाने घर भरणारी बाई. लुगडं मांडीवर घेऊन तिने काठावरून अंगठा फिरवला. "वा, विश्रामदादा. लयच बारीक काम. जयवंतीचे हात न्हवतं, सोन्याचे..." अंगठा थांबला. तिने घडी उलगडली, पदर शोधला, काठ पुन्हा पाहिला. मग लुगडं मांडीवरून उचलून समोर ठेवलं, तापलेलं भांडं ठेवावं तसं.

"ही होडी जाते हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाय! जाते हाय! माझ्या पोरीचा नवरा दर्यावर जानारा, न तुमी तिच्या अंगावर जानाऱ्या होड्या काढल्या?"

विश्राम गडबडला. "शकूबाय, मग उलटं नेसायचं. हा काठ तिकडं..."

"उलटं नेसून पोरगी मांडवात उभी करू? उद्या नवरदेव उलटा घोड्यावर बसवा म्हनशील." तिने जयवंतीकडे पाहिलं. "बाय, तुझ्या हातून आसं कसं झालं ग? आजपोत कदी झालं नाय."

"तिच्या हातून नाय," विश्राम म्हणाला. "पेटीवर काढलंय."

"मंग पेटीला लेकी नसतील," शकूबाय म्हणाली आणि उठली. "लगनाच्या आदी सरळ होडीचं दे. नायतर पोरीला नायलॉन नेसवीन, पन हे नाय. देवाशपथ नाय." पाटी डोक्यावर घेऊन ती गेली. तिच्यामागे बोंबलांचा वास बराच वेळ राहिला.

विश्राम वळला तो विजयावर. "तू ओवल्या पट्ट्या! आकडे वाचता येतात ना तुला? शाळेत कशाला घातलं तुला, उलटं मोजायला?"

"बाबा, तुमीच म्हणालात मागून घे म्हणून," विजया रडवेली होऊन म्हणाली. "जाळ्यात घेतात तसं."

"तिला बोलू नका," जयवंती म्हणाली. "मला दिसलं होतं."

विश्राम तिच्याकडे वळला.

"काय दिसलं होतं?"

"होड्या उलट्या चालल्यात ते. लुगडं वीतभर झालं होतं तेव्हाच."

"आणि बोलली नायस?" विश्रामचा आवाज खाली आला. "एवढं लुगडं वाया गेलं. दाराशी शोभा झाली. तू बघत बसलीस?"

"बघत बसायचंच काम ठेवलंत मला."

"रामकिसननं विचारलं होतं तुला, होडी कुठं जाते म्हणून. तुझ्या तोंडावर विचारलं होतं."

"त्यानं विचारलं. तुमी नाय विचारलं."

येसूबाई मधे पडली. "सूनबाई, चुकलं तुझं. घरच्या लक्ष्मीवर राग काढलास तू. माग लक्ष्मी हाय."

"चुकलं," जयवंती म्हणाली. ते म्हणताना तिला बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. खोटं नव्हतं एवढंच. त्या पोरीच्या लग्नाचं लुगडं तिने जाणूनबुजून बिघडू दिलं होतं.

विश्रामने पेटीवरची माळ उतरवली. जमिनीवर मांडी घालून तो गाठी कापू लागला. पट्ट्या त्याच्याभोवती पसरल्या. वर न बघता तो म्हणाला, "झालं ते झालं. आता सांग. आधी कंची पट्टी घ्यायची? कोयरीला कशी, पोपटाला कशी, होडीला कशी, सगळं एकदा सांगून टाक. विजया त्या आकड्यांशेजारी खुणा करंल. म्हणजे पुन्हा हे व्हायचं नाय."

तो चिडून बोलत नव्हता. चांगलं बोलत होता. जयवंतीने त्याच्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं, पसरलेल्या पट्ट्यांकडे, वरच्या पेटीकडे. एवढं एकदा सांगून टाकलं, की संपलं. मग तिच्याकडे असं काहीच उरत नव्हतं जे कुणाला पुन्हा कधी विचारावं लागेल. उद्या ती चार दिवस माहेरी गेली काय, आठ दिवस गेली काय, खट-खट चालूच राहिली असती.

आणि न सांगावं तर एडवणची पोरगी नायलॉन नेसून मांडवात.

ती खाली बसली. पट्ट्या पुढे ओढल्या, आकडे न वाचता भोकांवरून बोट फिरवत एकेक लावत गेली. होडीचं नाक, नाकामागे बूड, मग शीड. सुई-दोरा विजयाच्या हातून घेतला आणि स्वतः ओवू लागली. ओवून झालं तशी तिने माळ उचलून विश्रामच्या पुढ्यात ठेवली नाही. खांद्यावर टाकली, खड्ड्याशी गेली, लाटेवर चढवली, आणि फळीवर बसून खड्ड्यात पाय सोडून बघितले. पाय पुरत होते.

"ए," येसूबाई ओरडली. "उठ तिथनं! बाईनं खड्ड्यात पाय सोडायचे नसतात. साळ्याच्या घरात कुणी सोडले नायत."

"आत्याबाई, तुमच्या वक्ताला धोटा फेकायला एक आणि ओढायला एक लागायचं. आता एकच लागतं, असं हे सांगतायत. मग ते एक माणूस कोण, हे कुठं लिहिलंय?"

"लोक काय म्हणतील?" विश्राम म्हणाला. त्याला हसावं की ओरडावं कळत नव्हतं. "आणि मी काय करू?"

जयवंतीने धोटा हातात घेऊन त्याचं वजन पाहिलं आणि परत ठेवला. मग वळून तिघांकडे बघून तिने सांगितलं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात.

"उद्यापास्नं मागावर मी बसणार. शकूबायचं लुगडं मी विणणार, आणि त्याच्या पुढचीबी मीच. सकाळचा सैपाक आत्याबाई करतील, विजया शाळेतनं आली की संध्याकाळचं बघंल. तुमाला बोईसरच्या शेडमधी जायचं असंल तर जा. नसंल जायचं, तर घरात बसून कांड्या भरा."